म्युझिक स्ट्रीमर: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

चाकणच्या कारखान्यांनी राजगुरुनगरचा नूर पालटला. भीमेकाठच्या जुन्या पेठेत जाड भिंतींचे वाडे अजून तग धरून आहेत, पण पुणे-नाशिक महामार्गालगत आणि वाडा रस्त्याला इमारती उभ्या राहिल्या, त्यांत फायबरचे इंटरनेट आले. अशा घरांत एक गोष्ट हमखास दिसते. कपाटात चांगला ॲम्प्लिफायर, कोपऱ्यात दणकट स्पीकर, खणात सीडींचा ढीग, आणि गाणी मात्र फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर. या सगळ्यांना एकत्र आणणारी वस्तू म्हणजे नेटवर्क म्युझिक स्ट्रीमर. घरच्या वायफायवरून किंवा लॅन केबलने गाणे घ्यायचे आणि ॲम्प्लिफायरला द्यायचे, एवढेच या डब्याचे काम.

काम एवढेच, पण किंमत दहा-बारा हजारांपासून काही लाखांपर्यंत. शिवाय चार स्ट्रीमर शेजारी लावून ऐकून बघायची सोय तालुक्याच्या गावात सहसा नसते. त्यामुळे खरेदी होते ती मित्राच्या सांगण्यावरून, नाहीतर यूट्यूबवरच्या परीक्षणावरून. त्यातून जे गैरसमज पसरतात, त्यांतले आठ इथे तपासू.

गैरसमज १ : फोनला ब्लूटूथ आहे, मग स्ट्रीमर कशाला?

वस्तुस्थिती : ब्लूटूथवर गाणे वाजवतो तो फोनच. ॲपमधून आलेले गाणे फोन आधी उलगडतो आणि मग ब्लूटूथसाठी पुन्हा दाबून बसवतो. एसबीसी हा ब्लूटूथचा सर्वत्र चालणारा प्रकार नेहमीच्या वापरात सेकंदाला जास्तीत जास्त ३२८ किलोबिटच्या आसपास थांबतो, तर सीडीचा प्रवाह १,४११ किलोबिटचा असतो. एलडॅक नावाचा प्रकार ९९० पर्यंत जातो, पण तो दोन्ही टोकांना असावा लागतो. दर्जाचा फरक एक वेळ सोडून देऊ, रोजचा त्रास वेगळाच आहे. फोन आला की गाणे थांबते, व्हॉट्सॲपची टिंग स्पीकरमधून वाजते, फोन घेऊन गच्चीवर गेले की मैफल संपते.

स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गुगल कास्ट असलेल्या स्ट्रीमरमध्ये फोन फक्त रिमोटचे काम करतो. 'हे गाणे लाव' एवढा निरोप तो देतो, पुढे स्ट्रीमर सेवेच्या सर्व्हरवरून गाणे स्वतः ओढतो. फोन बंद केला तरी गाणे चालू राहते. ॲपलचे एअरप्ले या दोहोंच्या मधले आहे. ते वायफायवर चालते, त्यामुळे ब्लूटूथपेक्षा भरवशाचे, पण फोनमधून पाठवताना आवाज फोनमार्गेच जातो. म्हणून फोन घरातच ठेवावा लागतो.

स्वयंपाक करताना ओट्यावर छोटा ब्लूटूथ स्पीकर लावून ऐकणे एवढीच गरज असेल, तर मात्र स्ट्रीमरवर एक रुपयाही घालवू नये.

गैरसमज २ : जितका महाग, तितका आवाज गोड

वस्तुस्थिती : स्ट्रीमरच्या पोटात दोन कामे चालतात. पहिले, गाण्याचे आकडे जसेच्या तसे आणणे. दुसरे, त्या आकड्यांचा विद्युत संकेत करणे. हे करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. पहिल्या कामात उन्नीस-बीस नसते. आवाजाची पातळी शंभर टक्क्यांवर ठेवली, इक्वलायझर बंद ठेवला आणि डिजिटल आउटपुट एकाच बाहेरच्या डॅकला दिले, तर स्वस्त आणि महाग स्ट्रीमर तेच आकडे पुढे पाठवतात. दुसऱ्या कामातही आजचे मध्यम किमतीचे डॅक इतके स्वच्छ आहेत, की त्यांचा गोंगाट आणि विकृती घरच्या खोलीत ऐकू येणे अवघड.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कसा? बहुतेक वेळा पातळीमुळे. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर कान त्याला 'जास्त खुलून वाजतो' म्हणतो. चाकण-भोसरी पट्ट्यात दर्जा विभागात काम करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तिथे पार्ट मोजण्याआधी गेज तपासतात. दोन ऑपरेटरनी तोच पार्ट मोजून वेगळे आकडे आणले, तर पार्ट नाकारण्याआधी गेज बाजूला ठेवतात. इथे गेज आपला कान आहे.

तो तपासायची सोपी रीत अशी. दोन्ही स्ट्रीमरवरून १०० हर्ट्झचा एकच चाचणी-सूर वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर वाचन घ्या. स्वस्त मल्टिमीटर कमी वारंवारितेवर बऱ्यापैकी अचूक असतात, म्हणून १०० हर्ट्झ. दोन्ही वाचनांतला फरक एक टक्क्याच्या आत आणा. हा साधारण ०.१ डेसिबल होतो. आता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी नाणे उडवून स्ट्रीमर बदलायला सांगा. तुम्ही पाठ करून बसा आणि 'पहिला की दुसरा' ते कागदावर लिहा. १६ फेऱ्या करा. १२ किंवा जास्त बरोबर आल्या, तर निव्वळ नशिबाने तसे होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. आठ-नऊ आल्या, तर जास्तीचे पैसे खिशातच राहू द्या.

महाग स्ट्रीमरमध्ये पैसे वाया जातात असे नाही. मोठा स्क्रीन, भक्कम पेटी, टीव्हीसाठी एचडीएमआय, खोलीनुसार आवाज जुळवण्याची सोय, जास्त जोडण्या, देशात दुरुस्तीची व्यवस्था, या गोष्टींचे मोल आहे. मोल त्यांचे द्यावे, 'गोडव्या'चे नव्हे.

गैरसमज ३ : सीडीचा दर्जा आता जुना झाला, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ हवेच

वस्तुस्थिती : सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावी-उजवी मिळून दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट. एवढ्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण बसतो. माणसाचा कान ऐन तारुण्यात २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ती मर्यादा खाली येते. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. महामार्गालगतच्या फ्लॅटमध्ये पंखा चालू असताना एवढे अंतर अनुभवायलाच मिळत नाही.

यावर प्रयोग झालेले आहेत. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रेझोल्यूशन आवाज आणि तोच सीडीच्या दर्जातून नेलेला आवाज लोकांना न सांगता ऐकवला. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे २७६, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात फरक ओळखण्याचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, प्रशिक्षित कानांत त्याहून जास्त. म्हणजे फरक शून्य नसेल, पण ज्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत इतका तो नाही.

दुसरी मर्यादा मूळ ध्वनिमुद्रणाची. भारतात तबकड्यांवर गाणी भरू लागली ती १९०२ पासून. १९२५च्या आधी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि त्यातून मधल्या पट्टीचाच आवाज तबकडीवर उतरे. त्या काळची नाट्यपदे १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये मिळाली, तर खरखर जास्त बारकाईने ऐकू येईल एवढेच. जे तबकडीवर उतरलेच नाही, ते फाइलमध्ये कुठून येणार?

डब्यावरच्या बिल्ल्यांचेही असेच. एमक्यूए या हाय-रेझोल्यूशन प्रकाराचा बिल्ला काही वर्षे स्ट्रीमरवर मिरवत होता. ती कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, लेनब्रुक या कंपनीने तिची मालमत्ता घेतली, आणि टायडल या सेवेने २०२४ मध्ये एमक्यूए सोडून साधे फ्लॅक घेतले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. फ्लॅक मात्र २००१ पासून आहे, खुले आहे, आणि उलगडल्यावर मूळचे सगळे बिट परत देते. स्ट्रीमरला फ्लॅक वाजवता येते ना, एवढे पाहावे. आज बहुतेकांना येते.

गैरसमज ४ : नेट जितके वेगवान, तितका आवाज चांगला, लॅन केबलही खास हवी

वस्तुस्थिती : सीडी दर्जाच्या गाण्याला न दाबता १.४ एमबीपीएस लागतात, फ्लॅकमध्ये त्याहून कमी. घरचा प्लॅन ३० एमबीपीएसचा असला तरी पाच टक्केही खर्च होत नाहीत. डेटाचा हिशेबही सोपा आहे. ३२० किलोबिटचे गाणे तासाला सुमारे १४४ एमबी खाते, सीडी दर्जाचे फार तर ६३५ एमबी.

इथे आवाज हळूहळू मळकट होत नाही. एक तर गाणे पूर्ण येते, नाहीतर अडखळते. अपवाद ॲपचा. दर्जा 'ऑटोमॅटिक'वर असेल, तर नेट मंदावले की ॲप गुपचूप हलक्या दर्जावर उतरते. म्हणून सेटिंगमध्ये दर्जा पक्का करून ठेवावा.

नेटवर्कवरून गाणे तुकड्यातुकड्यांत येते. प्रत्येक तुकड्याबरोबर तपासणीचा आकडा असतो. तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो. स्ट्रीमर काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतो. त्यामुळे साधी कॅट ५ई केबल, जी १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, ती पुरते आणि उरते. काही हजारांची 'ऑडिओफाइल' लॅन केबल लावून आवाज उजळेल ही अपेक्षा म्हणजे पी हळद अन् हो गोरी.

खरी अडचण भिंतींची. जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतीपलीकडे राउटरची ५ गिगाहर्ट्झची लहर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्झची जरा बरी पोहोचते. अशा घरात स्ट्रीमरला लॅनचे सॉकेट असणे हा सर्वांत मोठा गुण. केबल भिंतीच्या कडेने नेली की कटकट कायमची मिटते. आणखी एक गोष्ट विजेची. पुणे परिसरात महावितरणची देखभालीची कामे बहुतेक गुरुवारी निघतात आणि नेमका तोच औद्योगिक पट्ट्यातला सुट्टीचा, निवांत ऐकायचा दिवस. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल, तर राउटर आणि स्ट्रीमर दोन्ही त्याच्या लाइनवर घ्यावेत.

गैरसमज ५ : स्पीकरमधून घूं आवाज येतो, म्हणजे स्ट्रीमर खराब

वस्तुस्थिती : सतत येणारी घूं बहुतेक वेळा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची असते आणि तिचे मूळ अर्थिंगमध्ये सापडते. ॲम्प्लिफायरला स्ट्रीमर, सेट-टॉप बॉक्स, संगणक असे सगळे जोडले, त्यांची वीज वेगवेगळ्या सॉकेटांतून घेतली, की अर्थिंगच्या तारांचे वेटोळे तयार होते आणि घूं सुरू होते. शोधायची रीत अशी, की एकेक जोडणी काढत जावे. कुठली काढल्यावर आवाज थांबला, ते पाहावे. बहुधा केबल टीव्हीची वायर किंवा संगणक दोषी निघतो.

उपाय दोन. सगळी यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत. आणि स्ट्रीमर ते डॅक किंवा ॲम्प्लिफायर हा मार्ग ऑप्टिकल केबलने जोडावा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या केबलमधून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो. त्यामुळे वेटोळे तुटते. काही जण घूं घालवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. ते कदापि करू नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. अर्थिंगच नीट नसेल, तर स्ट्रीमरआधी वायरमन बोलवावा.

गैरसमज ६ : परदेशी परीक्षणांत पहिला आला, तोच आपल्यालाही उत्तम

वस्तुस्थिती : इंग्रजी परीक्षणांत टायडल आणि कोबझ यांचा उदोउदो असतो. हे लिहीपर्यंत त्या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे नाहीत. आपल्याकडे ऐकले जाते ते स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिक, जिओसावन. यांतले कोणते ॲप कुठल्या मार्गाने स्ट्रीमरवर जाते, हा खरेदीतला पहिला प्रश्न. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेला आवाज, दिले, पण आयफोनवरून एअरप्लेने पाठवले तर हाय-रेस दर्जा पुढे जात नाही. स्पॉटिफायने लॉसलेस २०२५ मध्ये आणले. तुमच्या प्लॅनमध्ये ते आहे का, हे पाहून घ्यावे. यूट्यूब म्युझिक २५६ किलोबिटवर थांबते आणि त्याला गुगल कास्ट सोयीचे पडते.

एकाच कंपनीच्या डब्यांतही इथे फरक असतो. विम कंपनीच्या मिनीला एअरप्ले आहे, गुगल कास्ट नाही. प्रोला दोन्ही आहेत. आणि त्यांहून महाग अल्ट्रा बाजारात आला तेव्हा त्याला कास्ट होते, एअरप्ले नव्हते. आयफोनवाल्या घराने 'सर्वांत वरचा' म्हणून अल्ट्रा उचलला, तर पंचाईत त्याचीच.

गैरसमज ७ : ॲम्प्लिफायरसारखाच आहे, एकदा घेतला की वीस वर्षे बघायला नको

वस्तुस्थिती : सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा जुना ॲम्प्लिफायर आजही वाजतो, कारण त्याला बाहेरच्या कुणाच्या परवानगीची गरज नाही. स्ट्रीमर अर्धा यंत्र आणि अर्धा सॉफ्टवेअर. कंपनीने हात आखडता घेतला, की धडधाकट डबा मुका होतो.

गुगलचे क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आले, स्वस्त आणि मस्त होते, आणि जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. मार्च २०२५ मध्ये त्यातल्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरचे डबे एकाच वेळी अडले. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून निभावले. सोनोस या स्पीकर कंपनीने मे २०२४ मध्ये नवे ॲप आणले, त्यात आधीच्या सोयी गायब झाल्या, ग्राहक खवळले, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रमुख अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांना पायउतार व्हावे लागले.

उलट उदाहरणही आहे. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स ही मालिका २०१२ मध्ये थांबवली, तिची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद केली. तरी ते डबे आजही वाजतात, कारण त्यांचा सर्व्हर खुल्या सॉफ्टवेअरचा होता. लिरियन या नव्या नावाने हौशी मंडळी तो चालवतात. म्हणून निदान एक खुला मार्ग, घरच्या नेटवर्कवरची गाणी वाजवणारा डीएलएनए किंवा तसाच, स्ट्रीमरमध्ये असावा. हात चालवायची आवड असलेल्याने रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मूड किंवा व्होल्युमिओ हे सॉफ्टवेअर बसवून स्ट्रीमर स्वतः बनवावा. सॉफ्टवेअर कंटाळवाणे झाले, तर मेमरी कार्ड बदलायचे.

याचाच दुसरा अर्थ असा, की स्ट्रीमर ॲम्प्लिफायरपासून वेगळा असलेला बरा. जुन्या ॲम्प्लिफायरला मागे ऑक्सच्या लाल-पांढऱ्या पिना असल्या की झाले. तो बदलायची गरज नाही. वेगळा डॅकही सुरुवातीला नको, तो स्ट्रीमरमध्ये असतोच.

गैरसमज ८ : सगळे ऑनलाइन मिळते, सीडींचा ढीग भंगारात

वस्तुस्थिती : ऑनलाइन सेवांवरची गाणी कराराने येतात आणि करार संपला की जातात. आज यादीत असलेली मैफल उद्या करडी होऊन पडते. सीडी आपली आहे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती फ्लॅकमध्ये उतरवली, तर एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबीत बसते. ५०० सीडी २०० जीबीच्या आत. एवढा संग्रह एका पेनड्राइव्हवर मावतो, आणि बाहेरचे नेट गेले तरी वाजतो. दुसरी प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

शास्त्रीय संगीताच्या संग्रहात दोन खाचखळगे आहेत. पहिला नावांचा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि इंग्रजी स्पेलिंग, असे तिन्ही प्रकार फाइलींत असतील तर स्ट्रीमर त्यांना तीन वेगळे गायक समजतो. उतरवतानाच नाव एका रीतीने लिहावे आणि रागाचे नाव शीर्षकात घालावे. दुसरा खाचखळगा जोडाचा. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतात, पण गाणे सलग असते. स्ट्रीमर विनाखंड वाजवत नसेल, तर बंदिश बदलताना नेमका मोक्याच्या जागी खड्डा पडतो. ही सोय एका मार्गाने चालते आणि दुसऱ्याने चालत नाही असेही होते, म्हणून ज्या मार्गाने ऐकणार त्याच मार्गाने तपासावे.

मग घ्यायचा कोणता?

दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. घरात कोणती ॲप वापरली जातात? फोन आयफोन आहेत की अँड्रॉइड? ॲम्प्लिफायरच्या मागे कुठल्या जोडण्या आहेत? राउटर आणि ॲम्प्लिफायर यांच्यात किती भिंती आहेत? या चार उत्तरांनी निम्मे पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांत लॅनचे सॉकेट, ऑप्टिकल आउटपुट, फ्लॅक, विनाखंड वादन आणि निदान एक खुला मार्ग असलेला सर्वांत स्वस्त डबा घ्यावा. भारतातली वॉरंटी आणि परत करण्याची मुदत बिलावर पाहावी, आणि वर सांगितलेल्या चाचण्या त्या मुदतीतच उरकाव्यात. वाचलेले पैसे स्पीकरवर आणि खोलीवर लावावेत. फरशी आणि मोकळ्या भिंतींनी घुमणाऱ्या हॉलमध्ये एक जाड सतरंजी आणि पडदे जेवढा फरक पाडतील, तेवढा लाखाचा स्ट्रीमरही पाडणार नाही.